दीनाला बोलते करण्याचा अधिकार कोणाला?

बायबलमधील कथा नव्याने सांगणाऱ्या कादंबऱ्यांवरचा लेख गेल्या अंकात प्रसिद्ध झाल्यानंतर बरीच पत्रे आली. काही वाचकांना तो विषय मनापासून आवडला, काही दुखावले गेले, आणि काहींच्या मनात या दोन्ही भावना एकाच वेळी होत्या. त्यांपैकी तीन पत्रांना येथे उत्तर देत आहे.

प्रश्न : मी वसईची, जन्माने आणि श्रद्धेनेही ख्रिस्ती. अनिता डायमंट यांची ‘द रेड टेंट’ ही कादंबरी मी आपला लेख वाचून मिळवली. बायबलच्या पहिल्याच, उत्पत्तीच्या पुस्तकात शखेमने याकोबाची मुलगी दीना हिच्यावर बळजबरी केली असे लिहिले आहे. कादंबरीत मात्र त्या दोघांचे प्रेम रंगवले आहे. जिच्यावर अत्याचार झाला तिची कहाणी प्रेमकथा म्हणून सांगणे हा तिच्यावर दुसरा अन्याय नाही का? पुस्तक मला आवडले आणि त्याचा रागही आला. माझे काही चुकते आहे का?

उत्तर : आपले काहीही चुकत नाही. उलट, आपला राग मूळ अध्याय नीट वाचल्यामुळे आलेला आहे, म्हणून त्याचे उत्तरही त्या अध्यायाकडे परत जाऊनच द्यायला हवे.

उत्पत्तीचा ३४वा अध्याय अवघ्या ३१ ओव्यांचा आहे. याकोब आणि लेआ यांची मुलगी दीना त्या देशातील मुलींना भेटायला बाहेर पडते आणि त्या प्रदेशाच्या अधिपतीचा मुलगा शखेम तिला नेऊन भ्रष्ट करतो. लगेच पुढच्या ओवीत त्याचे मन तिच्यावर जडते आणि तो तिच्याशी गोड बोलतो. याकोबाला हे कळते, पण मुले रानातून परत येईपर्यंत तो गप्प राहतो. मग शखेमचा बाप हमोर मागणी घालायला येतो, देवघेवीची बोलणी होतात, दीनाचे भाऊ कपटाने सुंतेची अट घालतात आणि तिसऱ्या दिवशी, नगरातील पुरुष वेदनेने विव्हळत असताना, शिमोन आणि लेवी त्या सर्वांची कत्तल करतात. याकोबाची तक्रार एवढीच की आपण संख्येने थोडे आहोत, आता आजूबाजूचे लोक आपल्यावर उठतील. या साऱ्या प्रकरणात हमोर बोलतो, शखेम बोलतो, भाऊ बोलतात, अखेरीस याकोबही बोलतो. दीनाच्या तोंडी मात्र एक शब्दही नाही आणि तिला कोणी काही विचारतही नाही. कत्तलीनंतर भावांनी तिला शखेमच्या घरातून बाहेर आणले, असे २६वी ओवी सांगते. म्हणजे ही सारी बोलणी चालू असताना ती त्याच घरात होती. कोंडून ठेवलेली होती की राजीखुशीने राहत होती, याविषयी मजकूर काहीच सांगत नाही.

माझ्या मते कादंबरीकाराची खरी जागा येथे आहे. शास्त्र जेथे गप्प आहे तेथे एखाद्या पात्राला वाचा देणे ही एक गोष्ट, आणि शास्त्राने जे सांगितले आहे तेच बदलणे ही अगदी वेगळी गोष्ट. डायमंट यांनी दोन्ही केले आहे. दीनाला वाचा देण्याचे काम त्यांनी इतक्या ताकदीने केले आहे की लेआ, राहेल, बिल्हा आणि जिल्पा या याकोबाच्या चौघी बायका माझ्या मनात प्रथमच वेगवेगळ्या चेहऱ्यांनी उभ्या राहिल्या. बळजबरी सांगणारी, अध्यायातली दुसरी ओवी मात्र मौन नाही, विधान आहे, आणि ते पुसून त्यांनी शखेमचा शालेम नावाचा प्रियकर केला. जो मजकूर एकही शब्द मुलीच्या तोंडी देत नाही, त्याने दिलेली तिच्या अब्रूची साक्ष तरी का मानायची, असे या बदलाचे समर्थक विचारतात. त्या युक्तिवादात तथ्य आहे हे मी मान्य करतो. तरीही अत्याचार जसाच्या तसा ठेवून दीनाला बोलू देणारी कादंबरी अधिक अवघड आणि अधिक मोठी झाली असती, असेच मला वाटते.

मात्र मौन भरून काढण्याची प्रथा आजची नाही. प्राचीन यहुदी भाष्यकारांनी दीनाची कथा कितीतरी वाढवली: कोणी ती घराबाहेर पडली म्हणून तिलाच दोष दिला, तर कोणी तिचे लग्न चक्क ईयोबाशी, म्हणजे बायबलमधील दुसऱ्याच एका कथेच्या नायकाशी, लावून दिले. त्यांच्या पंक्तीला एक कादंबरीकार स्त्री येऊन बसली, तर तिलाच तेवढे उठवण्याचे कारण दिसत नाही.

आपण विचारलेले नाही, पण कादंबरीच्या नावातील तंबूविषयीही थोडे सांगतो. विटाळाच्या दिवसांत बायकांनी एकत्र राहण्याचा जो तंबू कादंबरीच्या केंद्रस्थानी आहे, तसा तंबू प्राचीन इस्राएलमध्ये असल्याचा आधार बायबलमध्ये नाही. शास्त्रात आहे ती राहेलची युक्ती: बापाच्या गृहदेवता उंटाच्या खोगिरात दडवून ती त्यावर बसते आणि बायकांच्या अडचणीमुळे मला उठता येत नाही, असे सांगून बापाला परतवते. आपल्याकडच्या अनेक वाचकांना हा भाग खटकतो, कारण ज्यांच्या घरात आजी-पणजीने सक्तीने बाजूला बसण्याचे दिवस काढले, त्यांना त्याच दिवसांचे उत्सवासारखे वर्णन सहज पटणारे नसते. ही प्रतिक्रिया खास आपल्याकडची आहे, आणि ती मोकळेपणाने मांडली पाहिजे.

शेवटी आणखी एक गोष्ट. १९९७ साली निघालेली ही कादंबरी सुरुवातीला फारशी खपली नाही. उरलेल्या प्रती रद्दीत जाण्याची वेळ आली तेव्हा त्या धर्मगुरूंना, विशेषतः यहुदी स्त्री-धर्मगुरूंना, पाठवण्यात आल्या. त्यांच्या शिफारशीतून आणि वाचन-मंडळांतून ती लाखो वाचकांपर्यंत पोचली. म्हणजे तिला तारले ते श्रद्धाळू वाचकांनीच.

प्रश्न : पवित्र कथांशी असा खेळ करणे ही पाश्चात्त्य लेखकांची खोड आहे. मराठी परंपरेत हे कधी होते काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : होते, आणि मोठ्या प्रमाणावर होते. बायबलपुरते बोलायचे तर फादर थॉमस स्टीफन्स या येशू संघाच्या (जेझुइट) इंग्रज धर्मगुरूचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी जुना आणि नवा करार आपल्या पुराणांच्या घाटात बसवला, आणि श्रोत्यांना मध्येच शंका विचारू दिल्या. अर्थात त्यांचा हेतू श्रद्धा दृढ करण्याचा होता. कथेचे वळण बदलण्याचे स्वातंत्र्य त्यांनी घेतले नाही.

ते स्वातंत्र्य घेतले ते आपल्या महाभारतावरच्या कादंबरीकारांनी. खांडेकरांचा ययाती आणि शिवाजी सावंतांचा कर्ण मराठी घरांत इतके रुळले आहेत की ‘मृत्युंजय’मधील प्रसंग व्यासांचे म्हणून सांगणारी माणसे सर्रास भेटतात. मला खरी काळजी येथे वाटते. श्रद्धा दुखावण्यापेक्षा मूळ कथा विसरली जाणे हा अशा साहित्याचा मोठा धोका आहे, आणि तो कादंबरी जितकी चांगली तितका अधिक.

प्रश्न : मी शिक्षक आहे. पोर्तुगीज लेखक जुझे सारामागो यांच्या येशूवरील कादंबरीला त्यांच्याच देशात विरोध झाला होता, असे वाचले. असे पुस्तक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना द्यावे का?

उत्तर : विरोध झाला होता हे खरे. १९९१ साली ही कादंबरी आली आणि पुढच्याच वर्षी पोर्तुगीज सरकारने एका युरोपीय पुरस्कारासाठीच्या यादीतून ती काढून टाकली, कारण ती कॅथलिक भावना दुखावते. सारामागो देश सोडून स्पेनच्या लान्सारोते बेटावर राहायला गेले. १९९८ साली त्यांना नोबेल मिळाले. कोणत्या वाचकाने काय वाचून दुखावले जावे हे सरकारने ठरवणे मला मुळीच मान्य नाही. परंतु दुखावलेल्या वाचकाला अडाणी ठरवणेही तितकेच चुकीचे आहे, कारण या कादंबरीतील देव क्रूर आहे आणि भाविकाला ते सोसणे खरोखर कठीण जाते.

विद्यार्थ्यांना पुस्तक जरूर द्यावे, पण आधी मत्तयकृत शुभवर्तमानाचा दुसरा अध्याय वर्गात मोठ्याने वाचून घ्यावा. हेरोद राजा बाळाला मारायला शोधणार अशी स्वप्नात सूचना मिळताच योसेफ मरीयेला आणि बाळाला घेऊन रात्रीच मिसर (इजिप्त) देशाला निघतो, आणि मागे बेथलेहेमातील मुले मारली जातात. शेजाऱ्यांचे काय, हा प्रश्न मत्तय उपस्थित करत नाही. सारामागोंच्या कादंबरीत योसेफाला हा बेत सैनिकांच्या बोलण्यातून कळतो, तो धावत जाऊन फक्त स्वतःचे मूल वाचवतो, कोणालाच सावध करत नाही, आणि त्या अपराधाचे स्वप्न त्याला मरेपर्यंत छळते. विद्यार्थ्यांना आधी विचारावे की योसेफाने शेजाऱ्यांची दारे ठोठवायला हवी होती का, आणि त्यांची उत्तरे लिहून घेतल्यावरच कादंबरी त्यांच्या हाती द्यावी. वर्गात जे भाविक असतील त्यांनी ती नाकारली, तर नाकारण्याचे कारण त्यांना मजकुरातून दाखवायला सांगावे आणि त्या लेखनाला इतरांइतकेच गुण द्यावेत.