वाचकांचे प्रश्न : पडद्यावरचे मुके जीव

प्रश्न : आमच्या गावात चित्रीकरणासाठी बैलजोडी मागितली आहे. इटलीच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’ (१९८०) या चित्रपटात प्राणी खरोखर मारल्याचे वाचले आणि मन कचरले. आपल्याकडे असे होऊ शकते काय?
– एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा

उत्तर : तुम्ही वाचले ते खरे आहे. त्या चित्रपटातील हत्या खऱ्या असल्याच्या संशयावरून दिग्दर्शक रुग्गेरो देओदातो यांच्यावर खटला झाला, तेव्हा मेलेले समजले गेलेले कलाकार जिवंत असल्याचे सिद्ध करता आले. कॅमेऱ्यासमोर कापलेल्या कासवाचे मरण मात्र खरेच होते. क्रौर्याचा निषेध करण्यासाठी क्रौर्य दाखवले, हा बचाव मला मुळीच मान्य नाही, कारण नटाने होकार दिलेला असतो, जनावराने नव्हे.

आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे आणि २००१ च्या नियमांनुसार चित्रीकरणातील प्राण्यांसाठी नोंदणी आवश्यक असते. म्हणून जोडी देण्यापूर्वी निर्मात्याकडे प्राणी कल्याण मंडळाची परवानगी लेखी मागा. विदर्भातल्या उन्हात दुपारचे चित्रीकरण नाकारा, पाणी, सावली आणि पशुवैद्यक यांची अट घाला, आणि स्वतः तिथे उभे राहा. पोळ्याला ज्यांच्या खांद्यांना तूप-हळद लावतो, त्यांच्यासाठी एवढा आग्रह धरण्यात संकोच कसला?