पातं नवं, तरी गवत का दुमडतं?

प्रश्न : ट्रॅक्टरच्या मागं जोडायचं जुनं गवतकापणी यंत्र आमच्याकडं आहे, पाच फुटी दांड्याचं. एकानं गोठा मोडला तेव्हा त्याच्याकडून घेतलं. दिवाळीनंतर माळावरचं गवत कापायला काढलं तर अर्धं कापलं, अर्धं दुमडून तसंच पडलं. सगळी पाती नवी घातली. थोडे दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. शेवटी गडी लावून विळ्यानं कापून घेतलं. घरचे म्हणतात भंगारात घाला. काय करावं?
— एक शेतकरी, ता. खानापूर

उत्तर : भंगारात अजिबात घालू नका. पाती बदलल्यावर थोडे दिवस चाललं असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे गिअर, क्रँक, दांडा सगळं ठीक आहे. दुखणं पात्याच्या खाली आहे, आणि तिथं कोणी बघत नाही.

या यंत्रात गवत एकटं पातं कापत नाही. अडकित्त्याचं वरचं पातं कितीही धारेचं असू दे, खालचा ओठ झिजला तर सुपारी नुसती चेपते. तुमच्या यंत्रातही तेच चाललंय. तिकोनी पात्यांची पट्टी दांड्याला पुढं बसवलेल्या ज्या लोखंडी बोटांतून डावी-उजवी पळते, त्या प्रत्येक बोटात खालच्या अंगाला एक छोटी पोलादी चकती रिबिटनं बसवलेली असते. दुकानात तिला लेजर प्लेट म्हणतात. गवत कापलं जातं ते पातं आणि ही चकती यांच्यामध्ये. माझ्या संकेश्वरच्या वर्कशॉपमध्ये अशी यंत्रं येतात तेव्हा पाती चकचकीत असतात आणि चकत्यांच्या कडा अंगठ्यासारख्या गोल झालेल्या असतात. गोल कडेवर गवताची काडी टिकत नाही, घसरते आणि पात्याबरोबर आत दुमडते. नवं पातं काही दिवस ते भागवून नेतं, त्याची धार उतरली की पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून आधी पट्टी बाहेर ओढा आणि एकेका चकतीच्या कडेवरून नख आडवं फिरवा. नख अडकलं पाहिजे, बारीक किसल्यासारखं. गुळगुळीत लागलं तर ती चकती गेली. फक्त चकती बदलता येते, अख्खं बोट बदलायची गरज नाही. जुनी रिबिट खालून पंचानं पाडा, नवी चकती बसवा, आणि रिबिटचं डोकं चकतीच्या वर तसूभरही येणार नाही असं ठोका. वर आलं तर पात्याचं टोक तिथं आपटतं आणि तुटतं.

चकत्या झाल्या की दांड्याच्या एका टोकाला खाली बसून एक डोळा मिटून बघा. सगळ्या चकत्या एका ओळीत दिसल्या पाहिजेत. तुमच्याकडं जांभ्या दगडाचा माळ आहे, त्यामुळं एखादं-दुसरं बोट नक्की वर किंवा खाली गेलेलं असणार. मूळची बोटं बहुधा मॅलिएबल ओतकामाची असतात, ती टोकाला पाइप घालून किंवा हातोडीनं थोडी थोडी ओळीत आणता येतात. पण मधल्या काळात कोणी साध्या बीडाची बोटं ओतून घातली असतील तर ती वाकत नाहीत, काडकन मोडतात. नवी ओतून घ्यायची वेळ आली तर बेळगावच्या उद्यमबागेत किंवा कोल्हापूरच्या उद्यमनगरात एस.जी. आयर्नमध्ये (काडकन न मोडणारं, चिवट बीड) ओतून मिळतात का ते विचारा. दोन-चार नगांसाठी पॅटर्न करणं परवडत नाही, तेव्हा आसपास अशी यंत्रं असलेले आणखी दोघे-तिघे गाठा.

मग क्लिपा. पट्टी वर उचलू नये म्हणून तिच्यावर ठरावीक अंतरानं दाबपट्ट्या असतात. त्या ढिल्या झाल्या की पातं चकतीवर टेकत नाही, आणि मग नवी चकती घालूनही उपयोग होत नाही. पट्टी काढून क्लिप हातोडीनं हळू खाली घ्या, पट्टी परत घालून बघा, पुन्हा थोडी खाली घ्या. क्लिप आणि पातं यांच्यामध्ये पोस्टकार्ड सरकेल इतकीच फट हवी. पट्टी हातानं ढकलून सरकली पाहिजे. अडकत असेल तर क्लिप जास्त बसली. पट्टीच्या मागच्या अंगाला घासपट्ट्या असतात, त्याही झिजल्या असतील तर याच वेळी बदला. नाहीतर पात्यांची टोकं वर उचलतात.

आता पाती. बहुतेक यंत्रांत पातं तीन इंच रुंद असतं आणि बोटांतलं अंतरही तीन इंच. हेच माप पंजाबातून सोयाबीन-गव्हाला येणाऱ्या हार्वेस्टरांमध्ये चालतं, म्हणून हार्वेस्टरचे पार्ट विकणाऱ्या दुकानांत पाती मिळतात. मात्र जुनं पातं खिशात घालूनच जा. दोन भोकांमधलं अंतर आणि पात्याची जाडी जुळवल्याशिवाय पैसे देऊ नका. शिवाय हार्वेस्टरची पाती बहुधा दातेरी असतात. वरून दाते असलेली पाती घासायची नसतात, संपली की बदलायची. बारीक, मऊ गवताला आणि लसूणघासाला साधी धारेची पाती चांगली, कारण ती घासून पुन्हा वापरता येतात. घासताना मूळ उतार सोडू नका आणि पातं निळं पडू देऊ नका, सारखं पाण्यात बुडवा. निळं पडलेलं पातं मऊ होतं, त्याची धार टिकत नाही.

जुनं पातं काढायला गॅस कटर लावणारे मिस्त्री मी बघतो आणि वाईट वाटतं. उष्णतेनं पट्टी वाकते, आणि वाकलेली पट्टी सरळ करणं पाती बदलण्यापेक्षा कठीण. सोपी रीत अशी : वाइसचे जबडे थोडे उघडे ठेवा. पात्यांची टोकं खाली करून पट्टीची कड जबड्यावर टेकवा, पातं मधल्या फटीत मोकळं लोंबू द्या. पात्याची मागची कड पट्टीच्या बाहेर जराशी डोकावते. तिच्यावर हातोड्याचा एक नेमका घाव घातला की दोन्ही रिबिटा कापल्या जातात. उरलेले तुकडे पंचानं पाडा. नवी रिबिट थंडच ठोका, भोक पूर्ण भरलं पाहिजे. पातं हाताच्या बोटांनी हलवून बघा, जरासुद्धा डुगडुगलं तर ती रिबिट काढून दुसरी घाला.

हे सगळं पावसाळ्यात करा, ऑक्टोबरात गवत उभं असताना नव्हे. हंगाम संपला की पट्टी यंत्रात ठेवू नका. पुसून, तेल लावून भिंतीला सपाट टांगा.

प्रश्न : आमच्या गवतकापणी यंत्राचा लाकडी पिटमन, म्हणजे क्रँकपासून पात्यांच्या पट्टीला ढकलणारा-ओढणारा दांडका, सारखा मोडतो. सुतार वैतागला, म्हणतो लोखंडी पाइपचा करून टाका. करावा का?
— एक वाचक भगिनी, ता. चिकोडी

उत्तर : ताई, नको. तुमच्या यंत्राला लाकडी पिटमन विचार करून दिलेला आहे. बोटांत दगड किंवा तार अडकली की काहीतरी मोडणारच, आणि त्यातलं सगळ्यात स्वस्त लाकूड आहे. लोखंडी केलात तर पुढच्या दगडाला पट्टीचं डोकं किंवा क्रँक जाईल. लाकूड धामणीचं घ्या. वाळलेलं, सरळ रेषेचं, गाठ नसलेलं हवं. धामण लवचिक असते, गाडीच्या आणि अवजारांच्या दांड्यांना आपल्याकडं पूर्वापार चालते. दोन्ही भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंत जुन्याचं माप तंतोतंत घ्या आणि जवसाचं तेल पाजा. पिटमनला लावलेल्या लोखंडी पट्ट्यांचे बोल्ट पहिल्या दिवसाच्या कामानंतर पुन्हा आवळा.

पण सारखा मोडतो म्हणजे दोष लाकडात नाही. दोन गोष्टी तपासा.

पहिली, दांड्याची बाहेरची बाजू मागं पडली आहे का. उभ्या यंत्रात बाहेरचं टोक आतल्यापेक्षा थोडं पुढं हवं, मीटरला साधारण दोन सेंटिमीटर, म्हणजे पाच फुटी दांड्याला तीन सेंटिमीटर. चालताना गवताच्या रेट्यानं दांडा मागं ढकलला जातो आणि तेव्हा पिटमन व पट्टी एका रेषेत येतात. जुन्या यंत्रात बिजागरीच्या पिना झिजतात, दांडा मागं राहतो, आणि पिटमन प्रत्येक फेऱ्याला तिरका ओढला जातो. मोजण्याआधी बाहेरचं टोक हातानं मागं दाबून ढिलाई काढा. ट्रॅक्टरच्या मागच्या आसाला समांतर दोरी ताणा आणि दोन्ही टोकांचं अंतर घ्या. पिना आणि बुश बदलले की बहुतेक वेळा काम होतं.

दुसरी, पट्टीची जागा. फ्लायव्हील हातानं फिरवा. पट्टी डावीकडं थांबते तेव्हा आणि उजवीकडं थांबते तेव्हाही पात्याचं टोक बरोबर बोटाच्या मध्यावर आलं पाहिजे. एका बाजूला कमी पडत असेल तर कापणी अर्धवट होते आणि झटका पिटमनला बसतो. नव्या पिटमनची लांबी चुकली की हेच होतं, म्हणून सुतारावर माप सोडू नका, स्वतः टेप धरा. हे करताना ट्रॅक्टर बंद, पी.टी.ओ. (यंत्राला फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) सुटा, आणि किल्ली तुमच्या कमरेला. फ्लायव्हील हातानं फिरवलं तरी पातं हाताचं बोट तोडू शकतं, म्हणून एकानं फिरवायचं आणि दुसऱ्यानं हात लांब ठेवून नुसतं बघायचं.

प्रश्न : याच यंत्रानं हत्तीगवत कापता येईल का?
— एक दूधउत्पादक, निपाणी

उत्तर : कोवळं, गुडघाभर असेल तर निघेल. जून झालेलं, उसासारख्या कांड्यांचं नाही. बोटांच्या फटीत कांडं अडकतं आणि वरून पडणारा भार दांड्यावर लोळतो, पट्टी जागीच थांबते. त्याला विळा किंवा कुट्टी करत जाणारं यंत्र. हे यंत्र माळाचं गवत, ओट आणि लसूणघासासाठी राखून ठेवा.