स्टॉक म्हणजे साठा नव्हे, अल्फ्रेड स्टॉक

लेकीच्या अकरावीच्या रेडॉक्सच्या (इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीच्या) धड्यात संयुगांची नावं लिहायची ‘स्टॉक पद्धत’ दिसली आणि हा स्टॉक दुकानातला की शेअर बाजारातला, असं तुम्ही विचारलंत. हसू नका, माझ्या वर्गात दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी हेच विचारायचं. ते माणसाचं आडनाव आहे.

अल्फ्रेड स्टॉक, जन्म १८७६, गाव डान्झिग, म्हणजे आजच्या पोलंडमधलं ग्दान्स्क. बर्लिनला एमिल फिशरकडे शिकला, वर्षभर पॅरिसला, फ्लोरिन वायू पहिल्यांदा वेगळा काढणाऱ्या मॉयसाँकडे राहून आला, १९०९ मध्ये ब्रेस्लाऊला (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) प्राध्यापक झाला. लोखंडाच्या दोन वेगळ्या संयुजांना फेरस आणि फेरिक म्हणण्याचा घोळ मिटवायला धातूची संयुजा आकड्यानेच नावात लिहा, म्हणजे आयर्न(II) आणि आयर्न(III), ही सूचना त्याने १९१९ मध्ये केली. मधल्या धातूच्या अणूला जोडलेल्या अणू किंवा रेणूसाठीचा ‘लिगँड’ हा शब्दही त्याचाच. पण ही सगळी त्याची फावल्या वेळातली कामं म्हणायची. खरा उद्योग बोरॉनचा.

कार्बन आणि हायड्रोजनची हजारो संयुगं आहेत, मग शेजारच्या बोरॉनची का नसावीत? साधा प्रश्न. अडचण अशी, की बोरॉनची हायड्राइडं, म्हणजे हायड्रोजनबरोबरची संयुगं, हवा लागली की पेट घेतात, पाण्याने फुटतात, आणि काचेच्या तोट्यांना लावलेलं ग्रीसही खराब करतात. म्हणजे नेहमीची उपकरणं बादच. स्टॉकने हवा पूर्ण काढून घेतलेली, सलग काचेची बंद यंत्रणा उभी केली. द्रव हवेने गोठवून वायू एकेक करून वेगळे करायचे, एका नळीतून दुसरीत न्यायचे, मोजायचे, बाहेरच्या हवेचं तोंडही न दाखवता. ग्रीसच्या तोट्यांऐवजी झडपा पाऱ्याच्या. पंपात पारा, दाबमापकात पारा. मॅग्नेशियम बोराइडवर आम्ल टाकून मिळणाऱ्या चिमूटभर वायूतून त्याने दोन, चार, पाच, सहा आणि दहा बोरॉन अणूंची हायड्राइडं वेगळी काढली. सिलिकॉनचीही अशीच मालिका लावली. माझ्या मते विसाव्या शतकातल्या असेंद्रिय रसायनात हातांचं इतकं कसब क्वचितच कुणी दाखवलं असेल.

आता पाऱ्याचं. बरीच वर्षं त्याला डोकेदुखी, चक्कर, सतत चोंदलेलं नाक असा त्रास होता. नाकावर उपचार चालूच. मग स्मरणशक्ती जायला लागली. वहीत बघितलेला टेलिफोन नंबर यंत्रापर्यंत पोचेस्तोवर विसरायचा. साधी बेरीज जमेना. १९२४ मध्ये कारण कळलं: पाऱ्याची वाफ. बर्लिनचे विषतज्ज्ञ लुई लेविन यांनी ते ओळखलं. सहकाऱ्यांनाही तोच त्रास निघाला. दुसरा कुणी गप्प बसला असता. याने १९२६ मध्ये स्वतःची लक्षणं लाज न बाळगता, तपशीलवार छापली आणि सांगितलं की फरशीच्या फटीत सांडलेला पारा वर्षानुवर्षं वाफ सोडत राहतो. त्याच वर्षी तो कार्ल्सरूहला गेला, तिथली प्रयोगशाळा पाऱ्यापासून सांभाळून राहता येईल अशी बांधून घेतली. दातात भरायच्या पाऱ्याच्या मिश्रणाविरुद्धही तो लिहीत राहिला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोटात गोळा आला. बीएस्सीला असताना आमच्या प्रयोगशाळेत दाबमापक फुटला होता. शिपायाने केरसुणीने पारा गोळा केला, आम्ही तळहातावर थेंब फिरवत खेळलो, आणि उरलेला ओट्याखालच्या फटीत राहिला. पारा बांधून टाकायला गंधकाची पूड वगैरे कुणाला सुचलीच नाही.

त्याचं कौतुक करताना एक गोष्ट झाकू नये: तो नाझी पक्षाचा सदस्य होता, आणि त्याच राजवटीत, १९३६ ते १९३८, जर्मन केमिकल सोसायटीचा अध्यक्षही. शेवट हलाखीत, १९४६ मध्ये एल्बे नदीकाठच्या आकेन गावात.

त्या संयुगांचं कोडं मात्र त्याला सुटलं नाही. डायबोरेन, म्हणजे दोन बोरॉनचं हायड्राइड, इथेनसारखं रचायचं तर सात बंधांना चौदा इलेक्ट्रॉन लागतात, आहेत बाराच. दोन बोरॉनच्या मधे हायड्रोजनचे पूल आहेत, हे पुढे इतरांनी दाखवलं. बोरेनच्या, म्हणजे याच हायड्राइडांच्या, रचनांवर अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ लिप्सकॉम्बना १९७६ मध्ये नोबेल मिळालं. आणि हर्बर्ट ब्राउन या दुसऱ्या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट तर ऐकाच: १९३६ मध्ये शिकागोत पदवी घेतल्यावर मैत्रिणीने त्याला स्टॉकचं हायड्राइडांवरचं पुस्तक भेट दिलं, कारण दुकानात रसायनाचं तेच सर्वांत स्वस्त होतं, दोन डॉलर सहा सेंट. पुढे तिच्याशी लग्न, बोरॉनशी आयुष्यभराची गाठ आणि १९७९ मध्ये नोबेल.

लेकीला परीक्षेपुरतं सांगा: रोमन आकडा कंसात, धातूच्या नावाला चिकटून, मधे जागा न सोडता. आणि सोडियमला आकडा लावू नकोस म्हणावं, त्याची संयुजा एकच. मुलं हमखास लावतात.