वाचकांचे प्रश्न : दर दहा वर्षांनी नवी ग्रंथी

प्रश्न : ‘द मॅन हू कुड चीट डेथ’ हा १९५९ सालचा ब्रिटिश भयपट नुकताच पाहिला. १८९० च्या पॅरिसमधील डॉ. बॉनेट दर दहा वर्षांनी शरीरात नवी ग्रंथी बसवून घेतो आणि १०४ वर्षांचा असूनही ऐन उमेदीतला दिसतो. अशा गोष्टींवर त्या काळी खरोखर कोणाचा विश्वास होता का? आणि भयपटांसाठी नावाजलेल्या हॅमरसारख्या कंपनीचा चित्रपट इतका संथ कसा?
— एक वाचक, सांगली

उत्तर : विश्वास होता, आणि तोही साध्यासुध्या माणसांचा नव्हे. १ जून १८८९ रोजी, म्हणजे चित्रपटातील घटनांच्या आदल्याच वर्षी आणि त्याच पॅरिसमध्ये, शार्ल एदुआर ब्राऊन-सेकार या ७२ वर्षांच्या नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञाने तेथील जीवशास्त्र मंडळापुढे सांगितले, की कुत्रा व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतल्यापासून आपली ताकद आणि कामाचा उत्साह परत आला आहे. पाण्यात काढलेल्या अशा अर्कात परिणाम घडवण्याइतके संप्रेरक उतरत नाही, त्यामुळे त्यांना जाणवलेला फरक बहुधा मनाचाच होता. परंतु ग्रंथी रक्तात काही द्रव्य सोडतात ही त्यामागची कल्पना चुकीची नव्हती. दोनच वर्षांनी, १८९१ मध्ये, इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क देऊन थायरॉईडच्या कमतरतेने आजारी असलेल्या एका स्त्रीला बरे केले. खरे औषध आणि खुळी आशा अशी एकाच दालनातून बाहेर पडत होती. पुढे १९२० पासून पॅरिसमध्येच सर्ज व्होरोनॉफ हे शल्यविशारद तारुण्य परत मिळवण्यासाठी माकडाच्या वृषणाचे काप श्रीमंत पुरुषांच्या शरीरात बसवू लागले; चित्रपट निघाला तेव्हा त्या प्रकाराची विश्वासार्हता केव्हाच संपली होती.

चित्रपटाने मात्र वृषण सोडून पॅराथायरॉईडची निवड केली आहे. प्रेक्षकांच्या लाजेखातर असेल, असा माझा तर्क आहे. मानेतील थायरॉईडच्या मागे असणाऱ्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या या ग्रंथी सहसा चार असतात आणि त्यांचे काम रक्तातील कॅल्शियमचे प्रमाण राखणे हे आहे. वार्धक्य थोपवणे त्यांच्या हाती नाही. शिवाय दुसऱ्याचा अवयव शरीर नाकारते. मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९५४ साली बॉस्टनमध्ये झाले, ते एकरूप जुळ्या भावांमध्ये होते म्हणूनच टिकले. या अडचणीचा चित्रपटात उच्चारही नाही, तेथे प्रश्न फक्त ग्रंथी आणायची कोठून एवढाच आहे. ययातीने पुरूकडे तारुण्य मागितले तरी होते. बॉनेट कोणाला विचारत नाही, तो माणूस मारतो. पूर्वी त्याच्यावर शस्त्रक्रिया करणारे डॉ. वाइस हे वयाने त्याच्याहून लहान असूनही म्हातारे झालेले आहेत, पक्षाघातामुळे त्यांचा हात आता चालत नाही, आणि सहकाऱ्याने खून केल्याचे कळताच ते ज्या द्रावावर बॉनेट तग धरून आहे तोच नष्ट करतात. या दोघांच्या वादाचे प्रसंग मला संपूर्ण चित्रपटात सर्वांत सरस वाटतात.

संथपणाचे कारण त्याच्या मुळाशी आहे. ही कथा बॅरे लिंडन यांच्या रंगभूमीवरील नाटकाची, त्यावर पॅरामाउंटने १९४५ सालीही चित्रपट काढला होता. जिमी सँग्स्टर यांच्या पटकथेतही माणसे दिवाणखान्यात उभी राहून बोलतच राहतात. मुख्य भूमिका पीटर कुशिंग यांनी ऐनवेळी नाकारली, म्हणून ती अँटन डिफ्रिंग यांच्याकडे आली. त्यांनी ती दोन वर्षांपूर्वी दूरचित्रवाणीवर केलेली होती. त्यांचा थंड, कडक आवाज शंभरी उलटलेल्या माणसाला शोभतो, पण प्रेमप्रसंगांत तोच अडचणीचा ठरतो. दिग्दर्शक टेरेन्स फिशर यांनी भयाचा बहुतेक भाग शेवटच्या काही मिनिटांसाठी राखून ठेवला आहे, जेव्हा इतकी वर्षे थोपवलेले वार्धक्य आणि आजार बॉनेटच्या देहावर एकदम उमटतात. तोवर छायाचित्रकार जॅक ॲशर यांनी रंगीत प्रकाशाने उजळलेली दृश्ये पाहत धीर धरावा लागतो.