दुभत्या गाईला गव्हाचा आणि भाताचा कोंडा किती द्यावा?

दोन्ही द्या, पण कोंडा म्हणजे पूर्ण खुराक नव्हे. 100 किलो खुराकात गव्हाचा कोंडा 20 ते 25 किलो चालतो. तेल न काढलेला भाताचा कोंडा मात्र 10 ते 15 किलोच ठेवा; तेल काढलेला असेल तर 30 किलोपर्यंत. कारण ताज्या भाताच्या कोंड्यात साधारण 12 ते 18 टक्के तेल असतं. तेल जास्त झालं की पोटातले चारा पचवणारे जंतू मंदावतात, शेण पातळ होतं आणि दुधाचं फॅट उतरतं. शिवाय भरडल्यापासून काही दिवसांतच तो खवट होतो. म्हणून आठवड्यापुरताच आणा आणि वास घेऊन बघा. तेल काढलेला कोंडा टिकाऊ.

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते कॅल्शियमकडे. कोंड्यात फॉस्फरस भरपूर, कॅल्शियम अगदी नगण्य. हे प्रमाण बिघडलं की बैलांना मुतखडा होतो, लघवी तुंबते आणि जनावर दगावूही शकतं. 100 किलो खुराकात 1 ते 1.5 किलो चुनखडीची पूड मिसळा. खनिज मिश्रण वेगळं, रोज 50 ग्रॅमच्या आसपास.

नवा खुराक आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवा. कोरडा भुगा नाकात जातो, म्हणून पाण्याचा हलका शिपका मारून लगेच खाऊ घाला. बुरशी दिसली तर पूर्ण पोतं टाकून द्या, वरचा थर काढून भागत नाही. बुरशीचं विष दुधात उतरतं.