सूर-शंका: जॅझ ऐकताना कान कुठे लावायचा?

जॅझच्या स्विंग आणि बीबॉप या दोन शैलींतला फरक वाचून कळतो, ऐकताना कळत नाही. दोन्हीकडे तेच सॅक्सोफोन, तेच ट्रम्पेट. ओळखायचं कसं?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

सॅक्सोफोन थोडा वेळ विसरा आणि ड्रम्स ऐका. १९३५ नंतरची दहाएक वर्षं स्विंग बँड नाचणाऱ्यांसाठी वाजत होते. त्यामुळे बेस ड्रम चारही मात्रांवर पायाने वाजायचा, गिटार चारही मात्रांवर चालायची आणि हाय-हॅट, म्हणजे पायाने मिटणारी झांजांची जोडी, दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर मिटायची. वादक पंधराच्या आसपास, आणि सॅक्सोफोनचा ताफा काही म्हणाला की ट्रम्पेट-ट्रॉम्बोन त्याला उत्तर देणार. हे बहुतेक लिहिलेलं असायचं.

बीबॉपमध्ये वादक उरतात चार-पाच. ड्रमवादक केनी क्लार्कने ठेका पायातून काढून वरच्या राइड झांजेवर नेला. बेस ड्रम मोकळा झाला आणि मध्येच, अनपेक्षित जागी ठोका देऊ लागला. वर सतत ‘टिंग, टि-टिंग’ आणि खाली अधूनमधून धक्के ऐकू आले की तो बीबॉप. आधी दोन वाद्यं एकत्र अवघड मुखडा वाजवतात, मग प्रत्येकाचा सोलो, शेवटी पुन्हा मुखडा. कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र वाजणारे स्वरसमूह, पुष्कळदा जुन्या गाण्याच्या असतात. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्करचं १९४५चं ‘को-को’ हे ‘चेरोकी’ या जुन्या गाण्याच्या कॉर्डवरच उभं आहे. दोन्ही लागोपाठ ऐका.

रेकॉर्ड ऐकताना हा बदल एका रात्रीत झाल्यासारखा वाटतो, पण तसं नव्हतं. ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादक संघटनेने रेकॉर्डिंग बंद ठेवलं. मोठ्या कंपन्यांशी शेवटचा समझोता झाला नोव्हेंबर १९४४ मध्ये. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या क्लबांत नवी शैली घडत होती ती नेमकी याच काळात. मधल्या पायऱ्या तबकडीवर फारशा आल्याच नाहीत, हे मोठं नुकसान.

मी हार्मोनियम शिकते. मोडल जॅझ म्हणजे आपलं रागसंगीतच, असं ऐकलं. खरं का?
– एक वाचक, वाशी

स्वरांपुरतं खरं, चालीपुरतं नाही. बीबॉपमध्ये दर एक-दोन बारला (बार म्हणजे मात्रांचा एक गट) कॉर्ड बदलते आणि वादक तिच्यामागे धावतो. मोडल जॅझमध्ये तो एकाच स्वरसप्तकावर बराच वेळ राहतो. मार्च १९५९ मध्ये ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसने ‘सो व्हॉट’ रेकॉर्ड केलं, त्यात बत्तीस बारांना दोनच स्वरसप्तकं. दोन्ही डोरियन, म्हणजे आपला काफी थाट: गंधार आणि निषाद कोमल.

पेटीवर करून पाहा. पहिले सोळा बार सा पांढरी दोन. सगळ्या पट्ट्या पांढऱ्याच येतील. पुढचे आठ बार सा काळी दोन. आता पाचही काळ्या लागतील, पांढऱ्या दोनच: चौथी, म्हणजे रिषभ, आणि पहिली, म्हणजे धैवत. शेवटचे आठ बार परत पांढरी दोन. बार चार मात्रांचा, म्हणून एक आवर्तन १२८ मात्रांचं. सुरुवातीला लय मिनिटाला शंभर ठेवा.

चूक हमखास एकाच जागी होते. पहिले आठ बार संपले की हात काळी दोनकडे जातो, पण अजून आठ पांढरी दोनवरच काढायचे असतात. एका बोटाची दोन पेरं धरून बार मोजा: चार बोटं झाली की आठ बार. मुख्य म्हणजे इलेक्ट्रॉनिक तानपुरा बंद ठेवा. रागात षड्ज अचल असतो, इथे तो अर्ध्या स्वराने सरकतो आणि तानपुरा चालू असेल तर कानाला बोचतो. खरा फरक इथेच आहे. प्रत्येक फ्रेज सा-वर आणून टेकवू नका. रिषभावर, पंचमावर थांबून बघा, रंग लगेच बदलतो.

मुंबईत जॅझ कुठून आला?
– एक वाचक, नेरूळ

१९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात वाजला. पुढे अमेरिकन पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. गोव्याच्या वादकांना चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकवलेलं असे, म्हणून ते या बँडांत सहज सामावले आणि तिथून सिनेमाच्या वाद्यवृंदांत गेले. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मधला (१९५१) ट्रम्पेट गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांच्या संदर्भात ऐका.

कीबोर्डवर स्विंग वाजवताना घोड्याच्या टापा पडल्यासारखं होतं. काय चुकतं?
– एक वाचक, ऐरोली

स्विंगच्या ठेक्यात एका मात्रेत एक लांब आणि एक आखूड स्वर येतो. तुम्ही मात्रेचे चार भाग करून तीन-एक असं वाजवत असाल. तीन भाग करा, तिश्र जातीत: पहिला स्वर दोन भागांचा, दुसरा एका भागाचा. वजन धाकट्या स्वरावर द्या आणि तो पुढच्या स्वराला चिकटवा. मध्ये बोट उचललं की टापा ऐकू येणारच.

मेट्रोनोम ६० वर लावा, पण त्याचा प्रत्येक ठोका दुसरी आणि चौथी मात्रा समजा. पहिली-तिसरी स्वतः म्हणा, म्हणजे खरी लय १२० झाली. त्यावर सी-मधला बारा बारांचा ब्लूज घ्या, कॉर्ड अशा: सी सेव्हन चार बार, एफ सेव्हन दोन, सी सेव्हन दोन, जी सेव्हन एक, एफ सेव्हन एक, सी सेव्हन दोन. लय दोनशेच्या वर गेली की दोन-एक हे प्रमाण सोडा. तिथे स्वर जवळजवळ समान होतात, फक्त वजन राहतं.