सातवीला मध्ययुगीन जीवन प्रकल्पातून कसं शिकवावं? (शाळा कोकणात, किनाऱ्यालगत)

पुठ्ठ्याचा किल्ला नको. तो शेवटी पालकच करतात. स्वयंपाकघरापासून सुरुवात करा.

पंधराव्या शतकात अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी विकायचा घोडा घेऊन चौलच्या बंदरात उतरला. मुलांना विचारा, त्याला जेवायला काय वाढाल? मिरची, बटाटा, टोमॅटो बाद. ही पिकं मूळ अमेरिकेतली, आणि ती इकडे आणणारे पोर्तुगीज भारतात आले 1498 ला, निकितिन येऊन गेल्यावर. काजूही बाद! इथे कोकणातली पोरं हमखास हुज्जत घालतात, घालू द्या. मग उरलं काय? मिरी, आलं, हळद, तिरफळं, कोकम, नारळ. त्यातच बांगड्याचं कालवण शाळेत करून बघा. रंग लालभडक येत नाही, पिवळट येतो, आणि मिरीचा झणका जिभेपेक्षा घशाला जास्त लागतो. ज्यांच्या घरी मासे चालत नाहीत त्यांना सोलकढी द्या.

बाकीचे विषय आपसूक येतात. भूगोलाला मिरचीचा सागरी प्रवास नकाशावर, गणिताला 40 शेरांचा मण, मराठीला निकितिनने घरी धाडलेलं काल्पनिक पत्र. विज्ञानाला शिंपल्यांचा चुना, पण भाजायचा उद्योग वर्गात नको. कळीचा चुना डोळ्यात गेला तर महागात पडेल. शिंपल्याच्या चुऱ्यावर लिंबू पिळून बुडबुडे दाखवले तरी पुरे.

गुण चवीला देऊ नका. कुठला जिन्नस का वगळला हे ज्याला सांगता येईल, त्याला द्या.